एक झाड बियांसाठीं

कित्येक पालक म्हणतात, "लेट्यूस ही साहेबी भाजी, मेथी-आंबाडीच्या वऱ्हाडांत तिचें काय काम?" परंतु ज्या मिरचीवांचून आपला ठेचा होत नाहीं, ती तरी अमेरिकेंतूनच आली ना? भाजीचें मूळ गांव विचारण्यापेक्षां ती आपल्या मुलांस काय शिकविते, हें पाहणें अधिक योग्य होय.

लेट्यूस हें थंडीचें पीक. सुमारें ३,६०० फूट उंचीवरील आपल्या चिखलदऱ्यास, जेथें कॉफी पिकते, तेथील गार हवा त्यास मानवते; तरी पावसाचा जोर ओसरल्यावरच पेरावें. खालीं अमरावती-अकोल्याकडे दिवाळीपर्यंत थांबावें. बीं इतकें बारीक कीं एका ग्रॅमांत ८०० च्या आसपास दाणे भरतात. तें खोल पुरूं नये. उगवण्यास त्यास उजेड लागतो. वर चाळलेली माती नुसती भुरभुरावी. उष्णमान ३० अंशांच्या वर गेल्यास बीं निजून राहतें. रोपें चार पानांचीं झालीं कीं वीतभर अंतरानें विरळ करावीं. दीड-दोन महिन्यांत बाहेरचीं पानें खुडतां येतात.

पुढें उन्हें तापूं लागलीं कीं झाडास दांडा फुटतो, पानांत पांढरा चीक वाढतो व तीं कडू होतात. मग लोक झाड उपटून टाकतात. आमचें सांगणें इतकेंच कीं, एक झाड राखा! त्यास पिवळीं फुलें येतील, मागाहून पांढऱ्या तुऱ्यांचें बीं धरेल. हें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें. म्हणून सरळ वाणाचें बीं पुढील वर्षीं तसेंच उतरतें.

यांत मोठा बोध आहे. वऱ्हाडांत पूर्वी घरोघरीं बियाणें राखीत. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. येथें पेरलें जाणारें तें बियाणें मुख्यतः संकरित. त्याचें राखलेलें बीं एकसारखें उतरत नाहीं, व शेतकऱ्यास दर वर्षीं मृगापूर्वी नवीं पाकिटें घ्यावीं लागतात. त्यांत नफा कीं तोटा, हा वाद थोरांचा. परंतु शेतकऱ्याच्या मुलानें बीं कसें धरतें हें एकदांहि डोळ्यांनीं पाहूं नये, ही गोष्ट खेदाची आहे. ज्यास बीं राखतां येतें, तोच तें विकत घ्यावें कीं न घ्यावें याचा विचार करूं शकतो.

यास्तव, विद्यार्थिमित्रहो, येत्या दिवाळींत एक वाफा करा. आणि पालकांनीं त्यांतील शेवटचें झाड कोणास उपटूं देऊं नये.