दोन्ही करंडक एकाच कपाटात

राष्ट्रीय लीगचा विजेता आणि फेडरेशन चषकाचा विजेता यांच्यात एकच सामना, हा सुपर कपचा साधा हिशेब होता. पण दोन्ही करंडक एकाच संघाकडे गेले तर? मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५ मध्ये चषक, २००६ मध्ये लीग जिंकून हाच पेच घातला. प्रशिक्षक होते डेरिक परेरा. आपल्या जोयड्याचा अनमोड घाट उतरला की त्यांचाच गोवा! मग लीगमधल्या उपविजेत्या ईस्ट बंगालला समोर आणले, आणि सुपर कप त्यांनीच नेला. आमच्या मते खरा मान तरी लीगचाच. २०१० मध्ये महिंद्राने संघच मोडला. पुढे बेंगळुरू एफसीनेही २०१४ मध्ये लीग, २०१५ मध्ये चषक जिंकला. पण एका सामन्याचा तो सुपर कप २०११ नंतर झालाच नव्हता.