पीआर आणि बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी

कॅनडात शिकायला आलेल्या कुठल्याही मराठी पोराला "स्कोअर किती?" असं विचारा. तो क्रिकेटचा सांगणार नाही, सीआरएसचा सांगेल. इथल्या देशी पार्ट्यांमध्ये पगार विचारायला लोक जरा कचरतात, पण सीआरएस बिनधास्त विचारतात. पगार काय, आज ना उद्या वाढतो. सीआरएसचे वयाचे गुण मात्र तिशीपासून दर वाढदिवसाला कमी होत जातात. त्यामुळे तिसाव्या वाढदिवसाचा केक कापताना इथली मुलं जरा गंभीरच दिसतात.

ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जानेवारी २०१५ पासून कॅनडात एक्सप्रेस एन्ट्री नावाची पद्धत आहे. वय, शिक्षण, भाषा आणि कामाचा अनुभव यांचे गुण मोजायचे, सगळ्यांची एक यादी करायची आणि सरकार अधूनमधून ड्रॉ काढणार. हा ड्रॉ म्हाडाच्या सोडतीसारखा नशिबाचा नव्हे. सर्वात जास्त गुणवाल्यांपासून सुरुवात करून खाली एका रेषेपर्यंत बोलावतात. ती रेषा या वेळी कुठे पडणार हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. एकट्या माणसाला वयाचे जास्तीत जास्त ११० गुण मिळतात, ते २९ वर्षांपर्यंत. तिसाव्या वर्षी १०५, पस्तिसाव्या वर्षी ७७.

इथे शिकलेल्याला पदवीनंतर एक वर्क परमिट मिळतं. जास्तीत जास्त तीन वर्षांचं, आणि आयुष्यात एकदाच. त्या मुदतीत किमान एक वर्ष कुशल काम झालं की 'कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास'मधून, म्हणजे सीईसीतून, यादीत नाव लावता येतं. फुलटाइम शिकत असताना केलेली नोकरी यात धरत नाहीत. म्हणजे पदवी हातात पडली की घड्याळ सुरू. नोकरी शोधा, वर्ष भरा, नाव लावा, आणि परमिट संपायच्या आत रेषा आपल्या खाली येऊ दे म्हणून देव पाण्यात ठेवा.

आता ही रेषा कशी नाचते बघा. १३ फेब्रुवारी २०२१ ला, कोविडमुळे सीमा बंद असताना, सरकारने सीईसीचा ड्रॉ काढला. रेषा होती ७५! होय, पंचाहत्तर. एका दिवसात २७,३३२ लोकांना आमंत्रणं गेली. त्यात मीही होतो. माझे गुण साडेचारशेच्या आसपास होते. त्यानंतर सप्टेंबर २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत सीईसीला एकही आमंत्रण नाही. ६ जुलै २०२२ ला सगळ्यांसाठी ड्रॉ पुन्हा सुरू झाले तेव्हा रेषा होती ५५७. माझ्यानंतर दीड वर्षाने त्याच युनिव्हर्सिटीतून तीच पदवी घेतलेली, माझ्यापेक्षा चांगला कोड लिहिणारी मुलं त्या रेषेखाली राहिली. मी जास्त लायक होतो म्हणून मला पीआर मिळाला असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

तर सांगायचा मुद्दा असा. रेषा वरखाली होणार हे यादीत नाव लावताना माहीतच असतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खेळ सुरू झाल्यावर गुणपत्रिकाच बदलण्याबद्दल.

माझ्या ओळखीत सांगलीकडचा एक मुलगा आहे. वडिलांनी घर तारण ठेवून शिक्षणासाठी कर्ज काढलं. इथे पदवी झाली, नोकरी लागली. त्याच्या कंपनीने कितीतरी महिने कागदपत्रं करून त्याला पक्क्या जॉब ऑफरचे ५० गुण मिळवून दिले. पोरगा रेषेच्या तोंडाशी येऊन पोचला. २५ मार्च २०२५ ला सरकारने जॉब ऑफरचे गुणच रद्द केले. कारण खरं होतं. खोट्या जॉब ऑफर पैसे घेऊन विकण्याचा धंदा जोरात चालला होता आणि तो थांबवायलाच हवा होता. पण ज्यांचे गुण खरे होते, जे आधीपासून यादीत होते, त्यांचेही रातोरात गेले. ज्यांना त्याआधी आमंत्रण आलं होतं तेवढे वाचले.

आमच्या धंद्यात याला फार साधा नियम आहे. जुनी सिस्टिम बंद करायची तर खुशाल करा, पण जे तिच्यावर आधीपासून अवलंबून आहेत त्यांना मुदत द्या. नव्या ग्राहकांना नवं व्हर्जन, जुन्यांना ठराविक काळ जुनं चालू. एखाद्या बँकेचा सर्व्हर मी असा न सांगता बदलला तर दुसऱ्या दिवशी मला नोकरी नसेल!

आणि हे सरकारला जमत नाही असंही नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्यांनी पदवीनंतरच्या वर्क परमिटला दोन नव्या अटी लावल्या. पहिली अट, कॉलेजातले ठराविक विषयच चालतील. ही त्यांनी फक्त त्या तारखेपासून स्टडी परमिटला अर्ज करणाऱ्यांना लावली. आधी आलेल्यांना सूट. अगदी माझ्या मनातलं! दुसरी अट भाषेच्या परीक्षेची. ती मात्र त्या तारखेनंतर वर्क परमिट मागणाऱ्या सगळ्यांना, अगदी शेवटच्या सेमिस्टरला असलेल्यांनाही. एकाच दिवशी, एकाच खात्याने एक नियम बरोबर लावला आणि एक चुकीचा. म्हणजे अडचण तांत्रिक नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "तुम्हाला पीआरचं वचन कोणी दिलं होतं?" कोणीच नाही, मान्य. कागदोपत्री प्रत्येक विद्यार्थी मुदत संपली की परत जाणार असतो. पण इथल्याच इमिग्रेशन कायद्यात लिहिलंय की कायम राहायची इच्छा असली म्हणून तात्पुरता प्रवेश नाकारता येत नाही. कॅनडात शिकल्याचे गुण वेगळे, इथल्या कामाचे गुण वेगळे. गाजर दाखवायचं, आणि हात पुढे केला की म्हणायचं गाजर फक्त बघायला होतं, हे बरं नव्हे. घरांची टंचाई आहे, भाडी वाढली आहेत, लोक वैतागले आहेत, हे सगळं मला दिसतं. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने स्टडी परमिटवर मर्यादा घातली तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही. दार कोणासाठी किती उघडायचं हा घरमालकाचा हक्क. पण ज्यांना आत घेऊन फी भरून घेतली त्यांच्यासाठी मध्येच कुलूप बदलू नये. स्टडी परमिट मिळाला त्या दिवशीचे गुणांचे नियम वर्क परमिट संपेपर्यंत लागू ठेवा, एवढंच मागणं आहे. त्याने कोणाला पीआरची हमी मिळत नाही. फक्त हिशोब करता येतो.

तोवर हिशोब आपला आपण करायचा. पुण्या-नाशकातून मुलांना इकडे पाठवणाऱ्या आईबाबांना माझं एकच सांगणं आहे. खर्चाचा कागद मांडाल तेव्हा पीआरच्या रकान्यात शून्य लिहा. नुसतं राहण्याजेवण्यासाठी खात्यात दाखवायची रक्कम २०२३ पर्यंत १०,००० डॉलर होती, सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ आहे. फी वेगळी. पदवी घेऊन मुलगी परत आली तर भारतातल्या पगारावर हे कर्ज फिटेल का? फिटत असेल तर जरूर पाठवा, शिक्षण इथे चांगलं मिळतं. फिटत नसेल तर तुम्ही शिक्षण विकत घेत नाही आहात, एका रेषेवर पैसे लावताय. "तिकडे गेल्यावर पीआर होतोच" असं सांगणाऱ्या एजंटचं कमिशन मुलीला अॅडमिशन मिळाली की सुटतं. रेषा पुढे कुठे गेली याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

सांगलीकर सध्या ऑफिस सुटल्यावर फ्रेंच शिकतोय. फ्रेंच येणाऱ्यांसाठी २०२३ पासून वेगळे ड्रॉ निघतात, आणि मार्च २०२५ च्या एका ड्रॉमध्ये रेषा ३७९ पर्यंत खाली आली होती. शाळेत त्याने मार्क पडतात म्हणून संस्कृत घेतलं होतं. त्याचं परमिट संपायला आठ महिने आहेत आणि परीक्षा पाच महिन्यांवर. तेवढ्यात हाही नियम बदलू नये, एवढीच इच्छा.