आमदाराची वर्षं आणि कलमाची वर्षं

काजूचा हंगाम चालू आहे. सकाळी बी गोळा करायची, दुपारी उन्हात वाळत घालायची, सध्या एवढंच काम. बागेच्या नोंदी पुढच्या वेळी लिहितो. आज थोडा वेगळा विषय.

बी विकायला गेलं की दराच्या पाठोपाठ राजकारण निघतंच. "आमदार दिलो, मंत्री दिलो, मुख्यमंत्री दिलो, तरी काजूक दर नाय," हे दरवर्षी ऐकतो. मग दोन बाजू पडतात, आवाज चढतात, आणि सगळे आपापल्या घरी जातात. हिशोब तसाच राहतो. तो जरा नीट मांडून बघू.

नारायण राणे 1990 साली मालवणातून पहिल्यांदा आमदार झाले. 1995, 1999, 2004 ला पुन्हा शिवसेनेकडूनच. 2005 मध्ये काँग्रेसमध्ये गेले आणि पोटनिवडणूक जिंकून परत आले. मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली, मालवण मतदारसंघच राहिला नाही, तो कुडाळात गेला. 2009 ला ते कुडाळातून निवडून आले आणि 2014 ला वैभव नाईकांकडून हरले. म्हणजे सलग 24 वर्षं. त्यात फेब्रुवारी 1999 पासून काही महिने मुख्यमंत्री, नंतर विरोधी पक्षनेते, पुढे काँग्रेसच्या सरकारात मंत्री. त्यानंतर स्वतःचा पक्ष, राज्यसभा, केंद्रात मंत्री, आणि 2024 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गचे खासदार.

काम झालं नाही असं म्हणणं खोटं होईल. 1990 च्या आधी आतल्या वाड्यांतून पावसात आजाऱ्याला दवाखान्यात कसं न्यायचे ते आमच्या वयाच्या माणसांना आठवत असेल. 1997 ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. आज तारकर्ली, देवबागला घरोघरी खोल्या भाड्याने जातात, मुलं होड्या चालवतात, त्याची सुरुवात त्या काळातली आहे. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला. मंत्रालयात आपल्या जिल्ह्याचं नाव वजनाने घेतलं जाऊ लागलं, हेही खरं.

पण मी शेतकरी माणूस, मोजमाप माझ्या कामातलंच लावणार. काजूचं वेंगुर्ला जातीचं कलम लावलं तर तिसऱ्या वर्षापासून थोडी बी दिसते, चांगलं उत्पन्न यायला सात-आठ वर्षं जातात. हापूसला त्याहून जास्त. आमदाराची मुदत पाच वर्षांची. एकदाच निवडून आलेला माणूस रस्ता करील, साकव बांधील, सभामंडप देईल. त्याला दोष देता येत नाही, त्याला तेवढाच वेळ मिळाला. पण ज्याला वीस-पंचवीस वर्षं मिळाली त्याच्याकडून सावकाश होणाऱ्या कामांची अपेक्षा ठेवायला नको? पाणी, प्रक्रिया आणि बाजार. ही तीन कामं एका मुदतीत होत नाहीत.

त्या तीन कामांत आपण कुठे आहोत? तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ दाखवतात. टाळंबा प्रकल्प इतक्या वर्षांत पुरा झाला नाही. काजू बी आपण पिकवतो, पण दर ठरतो आफ्रिकेतून येणाऱ्या बीच्या भावावर. शेजारच्या गोव्याने किलोला 150 रुपये आधारभूत दर दिला. आपल्याकडे काजू मंडळ आलं, 2024 ला किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर झालं. त्याचाही कागदपत्रांचा व्याप सांगायला नको.

आता दुसऱ्या एका आमदाराकडे बघा. सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला. पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक देवाला नारळ फोडतील असा मुलूख. तिथून शेकापचे गणपतराव देशमुख 1962 ला पहिल्यांदा निवडून आले आणि 2014 ला अकराव्यांदा. मध्ये 1972 आणि 1995 ला हरले. पक्ष एकच, मतदारसंघ एकच. मंत्रिपद दोनदाच, 1978 आणि 1999 ला. बाकी बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर. 30 जुलै 2021 ला गेले, तेव्हा वय 94.

सत्ता नव्हती, मग त्यांनी केलं काय? जिथे कापूस पिकत नाही तिथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. कृष्णेचं पाणी उपसा योजनेने तिकडे पोचायला काही दशकं लागली, पण मागणी मध्येच सुटली नाही. एसटीने फिरायचे, हे सगळे सांगतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते एकच मागणी इतकी वर्षं धरून ठेवणं.

कुणी म्हणेल, सांगोल्याची आणि कोकणाची बरोबरी कशी? बरोबर आहे. आपली जमीन तुकड्या-तुकड्यांची, सातबाऱ्यावर पंचवीस नावं, निम्मी मुंबईत. सहकार इथे घाटासारखा रुजला नाही, आणि त्याचं सगळं खापर एका माणसावर फोडता येणार नाही. शिवाय इथला मतदार आमदाराकडे जातो तो नोकरी, बदली, वाडीचा रस्ता घेऊन. मागणी तशी, तसा पुढारी.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. आज डोंगरावर काजू-आंब्याची जी बाग दिसते, तिला मोठा हात लागला 1990 पासूनच्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेचा. तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. योजनेचे नियम एकदा नीट झाले, आणि ज्याने कधी मंत्रालय पाहिलं नाही त्याच्याही वरकस जमिनीत कलम लागलं. कुणाच्या ओळखीची चिठ्ठी लागली नाही. विधानसभेचं खरं काम हे आहे. रस्त्याचं डांबर दोन पावसाळ्यांत जातं, नियम राहतो.

राणेंची पुढची पिढी आता विधानसभेत आहे, निलेश राणे कुडाळातून आणि नितेश राणे कणकवलीतून, तेही वेगवेगळ्या पक्षांतून. त्यांच्याकडे किंवा उद्या जो येईल त्याच्याकडे, मागायचं ते असं मागा: काजू बीला गोव्यासारखा दर, गावोगावी प्रक्रियेसाठी भांडवल, आणि पावसाचं पाणी मेपर्यंत टिकवणारे छोटे बंधारे. आणि अधिवेशन संपलं की विचारा, यातला कुठला प्रश्न सभागृहात मांडलात, उत्तर काय मिळालं.

तुमच्या गावात आमदाराकडे शेवटची मागणी कसली गेली होती, ते जरूर लिहा. मी निघतो, बी उलटायची वेळ झाली.