दुसऱ्या खेपेचे ‘काहीतरी’

आशिया खंडातील लोकसंख्येचा विषय निघाला की वैद्यकीय परिषदांतून अजूनही ‘विस्फोट’ हाच शब्द ऐकू येतो. वस्तुस्थिती मात्र बदलली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये आहेत. लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या २.१ या प्रमाणाहून हे कमीच. भीमेच्या अलीकडे असलेल्या आमच्या मंद्रूप परिसरातही दोन अपत्यांवर थांबणारी घरे आता नवलाची राहिलेली नाहीत. थांबण्याचा भार कोणी वाहिला, हेही त्याच पाहणीत दिसते: राज्यातील निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली, पुरुषांचे प्रमाण एक टक्काही नाही.

घर दोनवर थांबते, पण त्या दोहोंत एक मुलगा हवाच असतो. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यास महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येत नाही. लहान कुटुंबाचा हेतू चांगला असला, तरी अशा मर्यादेने दुसऱ्या खेपेवरील दडपण वाढते, असे आमचे मत आहे. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे राज्यात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ राहिल्या. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा देशात प्रथम याच राज्याने १९८८ साली केला होता!

सोनोग्राफीच्या यंत्राकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. परंतु पहिली मुलगी असलेल्या सुनेला घेऊन सासू दवाखान्यात येते आणि ‘वैद्यबुवा, या खेपेला काहीतरी द्या’ म्हणते, तेव्हा त्या ‘काहीतरी’चा अर्थ आपल्यापैकी प्रत्येकास कळतो. औषधी भांडारांत शिवलिंगीच्या बियांना येणारी मागणी सारीच वंध्यत्वासाठी असते, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय?

पुंसवनविधी संहितेत आहे, हे उत्तर ठरलेले. आहे, हे खरेच. परंतु आप्तोपदेशासोबत प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांनीही परीक्षा करावी, असे चरकाचार्यांनीच सांगितले आहे. गर्भाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी पुरुषबीजावरून निश्चित होते. पाळी चुकल्यावर दिलेले कोणतेही चूर्ण ते बदलू शकत नाही. निम्म्या घरांत मुलगा होणारच असतो, म्हणून औषधाची कीर्ती टिकते. बरे, ते निरुपद्रवीही नाही. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशा औषधांचा संबंध मृतजन्म व जन्मजात व्यंगांशी आढळला आहे. कायद्याने तर २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही निषिद्ध आहे.

दक्षिण कोरियात १९९० च्या सुमारास १०० मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. पुढील दोन दशकांच्या आत हे प्रमाण स्वाभाविक पातळीवर आले. पुत्रहव्यास आशियाच्या मातीतच आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

ग्रंथाचाच आधार हवा असेल, तर सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान उघडावे. सोळा वर्षांखालील स्त्रीच्या ठिकाणी राहिलेला गर्भ उदरातच नष्ट होतो, किंवा जन्मल्यास अल्पायुषी वा दुर्बल होतो, असा इशारा तेथे आहे. महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह आजही अठराच्या आत झालेला आढळतो, आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया पांडुरोगग्रस्त आहेत. त्या सुनेचे डोळे, नखे, जीभ पाहून तिचे रक्त तपासून घेणे, हे सासूने न मागितलेले पण आपल्याच शास्त्रातले काम आहे.

औषधी भांडारांच्या मालकांना आमची सूचना एवढीच, की शिवलिंगीबीज वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नये आणि चिठ्ठीवर रोगाचे नाव असल्याची खात्री करावी. वैद्यांनीही रुग्णा गर्भवती असल्यास ते लिहू नये. दोन पैशांचा तोटा होईल आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हा निर्णय एकेकट्याने न घेता संघटनेच्या येत्या सभेत सर्वांनी मिळून घ्यावा.