पग आणायचाय? आधी मे महिना आठवा!

२००३ साली हचच्या जाहिरातीत मुलाच्या मागे-मागे फिरणारा पग आला आणि घरोघरी 'हचवाला कुत्रा' हवाहवासा झाला. ते वेड अजून उतरलेलं नाही. होस्टेलवरही 'सुट्टीत घरी एक पिल्लू न्यायचं' असे बेत शिजतातच.

पण पट्टा, वाटी, गादी घेतली की झाली तयारी? कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं. पगचं नाक चपटं, त्याला तेही धड जमत नाही. नांदेड-लातूरच्या ४२ डिग्रीत, लाइट गेलेल्या दुपारी त्याने करायचं काय?

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत त्या विक्रीला बंदीच आहे. पुढे लसी, दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं खाणं, गार खोली आणि घरात सतत कुणीतरी. आपण सेमिस्टर सुरू झालं की परत येणार, म्हणजे सगळं आईच्या गळ्यात! तेव्हा आधी आईला विचारा, मग जनावरांच्या डॉक्टरांना. आपल्या उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.

एवढं जमणार नसेल, तर पग आणूच नका. हौस आपली, पण जीव त्याचा जातो. बघा पटतंय का!