पकडलं ही बातमी, सोडलं ही बातमी नव्हे

मागे एका लग्नात जुना सहकारी भेटला. आम्ही दोघे एकेकाळी एकाच दैनिकाचे तालुका प्रतिनिधी होतो. जेवताना विषय वृत्तवाहिन्यांवर गेला आणि तो सहज म्हणाला, "तू मुसलमान आहेस म्हणून तुला मीडिया पक्षपाती वाटतो. आम्हाला तर सगळं ठीक दिसतं."

त्याच्या मनात खोट नव्हती, म्हणूनच ते वाक्य डोक्यातून जाईना. ज्याच्या दारावर दगड येत नाही त्याला गल्ली शांतच वाटणार. तरीही त्याला उत्तर देणे मला भाग आहे, आणि ते "तुमचा मीडिया, आमचा मीडिया" असे असून चालणार नाही.

सुरुवात आमच्या गल्लीतल्या चाचांपासून करतो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात ते वीसेक वर्षे हातगाडीवर भाजी विकतात. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी ऐन भरात असताना, नेहमीच्या कॉलनीच्या फाटकावर त्यांना अडवून आधार कार्ड मागितले. नाव वाचले आणि गाडी परत फिरवायला सांगितले. अडवणारी मुले ओळखीचीच होती. त्यांच्या आयांनी चाचांकडून कोथिंबीर फुकट घेतलेली होती. मुलांच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर एक वाहिनी ओरडत होती की, करोना ही साथ नसून 'जिहाद' आहे.

त्या वेळी काय घडले होते? दिल्लीत निजामुद्दीनच्या मरकजमध्ये मार्चच्या मध्यास तबलीगी जमातचा मेळावा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला महासाथ जाहीर केली होती. दिल्ली सरकारने १६ मार्चला ५० पेक्षा जास्त लोकांनी एकत्र येण्यावर बंदी घातली. अशा वेळी मरकजच्या धुरीणांनी लोकांना वेळीच घरी पाठवायला हवे होते. त्यांचा तो बेजबाबदारपणाच होता आणि तसे म्हणायला मला संकोच वाटत नाही. पण १३ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे अधिकारीच ही आरोग्य आणीबाणी नसल्याचे सांगत होते. गर्दी त्या आठवड्यात इतरत्रही होती. इतरत्रच्या गर्दीला 'गर्दी' म्हटले गेले, इथल्या गर्दीला 'कट'. फरक एका शब्दाचा होता, आणि त्या शब्दाने चाचांची गाडी फाटकावरून मागे फिरली.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलीगींवरचे आणि त्यांच्यासोबत गोवलेल्या काही भारतीयांवरचे गुन्हे रद्द केले. हे गुन्हे आमच्याच नगर जिल्ह्यातले. मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांनी मोठा अपप्रचार केला आणि साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला गेला, असे न्या. नलावडे यांनी निकालपत्रात लिहिले. खंडपीठातील दुसरे न्यायमूर्ती निकालाशी सहमत होते, सगळ्या कारणमीमांसेशी नव्हते. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मीही तेच करीन ज्याबद्दल तक्रार करतो आहे.

चाचांनी मला विचारले, "तू पेपरवाला होतास ना? हे आलं का पेपरात?" आले होते. आमच्याकडे येणाऱ्या दैनिकात सातव्या पानावर, एका स्तंभात, खतांच्या जाहिरातीखाली. एप्रिलमध्ये त्याच दैनिकाने पहिल्या पानावर आठ स्तंभी मथळा दिला होता. मी कात्रण कापून चाचांना दिले. त्यांनी ते वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "फाटकावर हे कोण वाचणार?"

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याचा हक्क मला नाही.

मी नवा होतो. बाहेरगावी कुठेतरी स्फोट झाला आणि आमच्या तालुक्यातल्या एका मुलाला पोलीस चौकशीसाठी घेऊन गेले. ठाण्यातून फोन आला, मी माहिती उतरवून घेतली आणि बातमी पाठवली. मी 'चौकशीसाठी ताब्यात' असे लिहिले होते, डेस्कवर त्याचे 'दहशतवादी कनेक्शन' झाले. मुलाच्या घरी मी गेलो नाही. बापाला फोन केला नाही. घर माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर होते. तीन दिवसांनी मुलगा सुटला, त्याच्यावर कसलाही गुन्हा नव्हता. मी सुटकेची बातमी पाठवली, ती लागली नाही. विचारल्यावर वरिष्ठ हसून म्हणाले, "अरे, पकडलं ही बातमी असते. सोडलं ही बातमी होत नाही."

बातमी देणारा मुसलमान, मुलगाही मुसलमान. म्हणजे हा प्रश्न न्यूजरूममध्ये किती मुसलमान आहेत एवढ्यावर सुटणारा नाही. ते असायला हवेत, फार कमी आहेत, ही वेगळी लढाई. पण यंत्रच असे बसवलेले होते की त्यातून माझ्या हातूनही तेच पीठ पडले. पोलीस हा एकमेव स्रोत, घाई ही एकमेव पद्धत आणि सनसनाटी हा एकमेव निकष. याला मी पक्षपात म्हणतो. तो करायला मनात द्वेष असावाच लागतो असे नाही, आळसही पुरतो.

मालेगावचे उदाहरण घ्या. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. मेलेले बहुतेक नमाजाला आलेले मुसलमान. अटक झाली तीही नऊ मुसलमानांना. २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता. अटकेच्या दिवशी त्यांचे फोटो, पत्ते, शिक्षण, 'मास्टरमाइंड' ही उपाधी, सगळे छापून आले होते. नंतरच्या साडेनऊ वर्षांत त्यांच्या बायकांनी घर कसे चालवले, मुले शाळेत काय ऐकत होती, याची बातमी कितीजणांना आठवते?

मराठी वृत्तपत्रांच्या भाषेतही हा पक्षपात मुरलेला आहे. 'विशिष्ट समाज' हा शब्दप्रयोग पाहा. आरोपीचे नाव रमेश असेल तर तो 'तरुण', नाव रशीद असेल तर तो 'विशिष्ट समाजाचा तरुण'. 'मुस्लिमबहुल भाग' हे विशेषण भांडणाच्या बातमीत हटकून येते, त्याच भागात पाणी आठ दिवसांनी येते त्या बातमीत येत नाही.

माझा सहकारी म्हणेल, हे सगळे अलीकडचे, अमुक पक्ष सत्तेवर आल्यापासूनचे. तसे नाही. २००९ ची विधानसभा निवडणूक आठवा. राज्यात आणि केंद्रात तेव्हा काँग्रेस आघाडीचे सरकार होते. एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे गोडवे गाणारा जवळजवळ एकच मजकूर वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. पी. साईनाथ यांनी तो प्रकार उघड केला आणि 'पेड न्यूज' हा शब्द गावोगाव पोहोचला. आम्ही तालुका प्रतिनिधी तर तो शब्द येण्याआधीपासून नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांसाठी जाहिराती गोळा करत हिंडत होतो. ज्याच्याकडून सकाळी जाहिरातीचा चेक घ्यायचा, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी कशी लिहायची? तेव्हा सत्तेपुढे वाकायला पैसा पुरत होता. आता पैशाच्या जोडीला द्वेषही विकला जातो, आणि त्याला गिऱ्हाईक जास्त आहे.

मग वस्तुनिष्ठ पत्रकारिता म्हणजे काय? आपल्याकडे तिचा अर्थ 'मत नसणे' असा लावतात. मला तो मान्य नाही. मराठी पत्रकारिता मतांवरच मोठी झाली. 'केसरी'शी मतभेद झाल्यावर आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोन्ही पत्रे समोरासमोर उभी होती. कोण कुठे उभा आहे, हे वाचकाला स्पष्ट दिसत होते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. वृत्तपत्रे एका जातीचे हित पाहतात आणि इतरांची दखलच घेत नाहीत, ही बाबासाहेबांची तक्रार होती. त्यांनी तटस्थतेचा आव आणला नाही. ज्यांना आवाज नव्हता त्यांची बाजू घेतली आणि तसे उघड सांगितले.

म्हणून पत्रकाराला मत असण्याबद्दल माझी तक्रार नाही. अग्रलेखात त्याने मला हवे तेवढे झोडपावे. माझी तक्रार दोन मापे ठेवण्याबद्दल आहे. वाण्याला कोणता देव आवडतो याच्याशी गिऱ्हाइकाला देणेघेणे नसते, तराजू सरळ असला म्हणजे झाले. वस्तुनिष्ठता हा तसा तराजू आहे. बातमी देण्याआधी दुसऱ्या बाजूला फोन करणे, आरोप आणि गुन्हा यांत फरक ठेवणे आणि चूक झाली तर ती जिथे केली तिथेच, तेवढ्याच अक्षरांत दुरुस्त करणे. वाहिनीवर एक दाढीवाला आणि एक टिळेवाला बसवून दोघांना ओरडायला लावणे म्हणजे 'दोन्ही बाजू' नव्हेत, ती कोंबड्यांची झुंज आहे.

आता आपल्याच लोकांशी थोडे बोलतो. राग येईल, पण ऐका.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात फाशी आणि जन्मठेप झालेल्या १२ जणांना निर्दोष ठरवले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात मात्र धाडले नाही. पुढे ३१ जुलैला विशेष न्यायालयाने मालेगावच्या २००८ च्या स्फोटातील सातही आरोपींना निर्दोष सोडले. दोन निकालांत दहा दिवसांचे अंतर. पहिल्या निकालानंतर मी पाहत असलेल्या वाहिनीचा सवाल होता, "मग एवढ्या लोकांना मारलं कोणी?" दुसऱ्या निकालानंतर त्याच वाहिनीवर पेढे वाटल्यासारखा आनंद होता, मालेगावच्या त्या सहा जणांना कोणी मारले हा सवाल कोणी केला नाही.

त्याच दहा दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चालले होते? पहिल्या निकालाला "इन्साफ", दुसऱ्याला "न्यायालय विकले गेले". पहिल्यात पुराव्याचा अभाव हे सत्य, दुसऱ्यात तोच अभाव ही मिलीभगत. निकालावर टीका करण्याचा हक्क सर्वांना आहे. पण टीका करण्याआधी दोन्ही निकालपत्रांची चार पाने तरी कोणी वाचली होती? रेल्वेत मेलेल्यांच्या आणि भिकू चौकात मेलेल्यांच्या आयांचा प्रश्न एकच आहे. तो दोन्ही वेळा विचारणारा माणूस मला त्या वाहिनीवर दिसला नाही, आणि आमच्या ग्रुपवरही दिसला नाही.

तीन तलाकवर एखादी मुस्लिम बाई बोलली की "तिला मीडियाने उभे केले" म्हणणारेही आपणच. मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना करणारे हमीद दलवाई आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'त पत्रकार होते. त्यांची मते पटोत न पटोत, त्यांचे म्हणणे न ऐकताच त्यांना झिडकारणारा समाज वाहिन्यांकडे कोणत्या तोंडाने "आमचे ऐका" म्हणणार? ज्याला न्याय्य वागणूक हवी त्याने स्वतःच्या घरातला तराजूही तपासला पाहिजे. आपण दुबळे आहोत म्हणून आपला खोटा फॉरवर्ड खरा होत नाही.

तरीही दोन्ही चुका सारख्या नाहीत, हे सहकाऱ्याला ठासून सांगतो. मोहल्ल्यातला फॉरवर्ड मोहल्ल्यात फिरतो. वाहिनीची चूक देशभर फिरते आणि तिच्यामागे सत्ता, जाहिराती आणि परवाना उभा असतो. वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेचा जास्तीत जास्त दंड २०२३ मध्ये एक लाख रुपये होता. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारले की, या रकमेने कोणाला जरब बसणार? प्रेस कौन्सिल तर ताशेरे ओढण्यापलीकडे काही करू शकत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. सुटकेला अटकेएवढी जागा द्या. त्याच पानावर, त्याच अक्षरांत, त्याच फोटोसह. एवढा एकच नियम पाळला तर अटकेच्या दिवशी संपादकाचा हात आपोआप आखडेल, कारण आज छापलेले उद्या तेवढ्याच मोठ्याने मागे घ्यावे लागेल. आणि वाचकांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, संपादकाला पत्र लिहावे, वाहिनीकडे मुदतीत तक्रार करावी. शिव्या देऊन चॅनल बदलणे सोपे आहे, त्याने काही बदलत नाही.

पंधरा मिनिटांवरच्या त्या घरी मी पुढे कित्येक वर्षांनी गेलो. मुलाचे लग्न झाले होते, गॅरेज चालवत होता. मी कोण ते सांगितले. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "भाई, ते कात्रण अब्बांनी मरेपर्यंत जपून ठेवलं होतं. म्हणायचे, सुटल्याचं छापून आलं की दोन्ही एकत्र ठेवू."

ते दुसरे कात्रण मी आजही त्या घराला देणे लागतो.