मेंटेनन्स न भरणारे रहिवासी

सोसायटीच्या ग्रुपवर परवा सूचना पडली : कंपाउंड वॉलवरच्या शेवाळामुळे सोसायटीची शोभा जात असून रविवारी अ‍ॅसिड मारून त्याचा कायमचा नायनाट करण्यात येईल. मी खाली लिहिलं, डायनोसॉर आले नि गेले, ही मंडळी त्यांच्याही आधीपासून आहेत, तुम्ही अ‍ॅसिडचे डबे किती आणताय? सेक्रेटरींनी हात जोडलेले दोन इमोजी टाकले. आमच्या ग्रुपवर त्याचा अर्थ 'आता गप्प बसा' असा होतो.

माझ्या गप्प बसण्याबद्दल वाचकांना काय सांगायचं! शब्दकोड्यासाठी ठेवलेलं भिंग घेऊन खाली उतरलो. सिमेंटच्या फटीतून मॉसची हिरवी गादी फुगून आली होती. तीवर दोऱ्याएवढे तांबूस दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला इवलंसं बोंड. मी ओणवा झालेला बघून वॉचमन धावत आला. त्याला वाटलं, चक्कर आली.

तर मुद्दा असा. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातल्या हिरव्या शेवाळांची एक शाखा काठावर आली ती तिथंच राहिली; पुढं तिचीच झाडं झाली, मॉसही त्यांतलंच. अंग वाळू नये म्हणून वर मेणचट थर, बीजाणूंना चिवट कवच आणि मुळं नव्हती तोवर बुरशीशी भागीदारी. स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या ४० कोटी वर्षं जुन्या दगडांत अशा आद्य झाडांच्या पेशींत शिरलेली बुरशी अजून दिसते. हे दगड १९१२च्या सुमारास विल्यम मॅकी नावाच्या डॉक्टरला शेताच्या गडग्यात दिसले. त्या शेताला सेक्रेटरी नव्हता, हे विज्ञानाचं नशीब.

मॉसची पाण्याची सवय मात्र अजून सुटलेली नाही. त्याच्या नरपेशी पोहतच मादीपर्यंत जातात, म्हणून पाऊस लागतो. मे महिन्यात करपून काळं पडलेलं मॉस पहिल्या सरीला तासाभरात हिरवं होतं. आमच्या टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला दहा वर्षांची गॅरंटी होती. ती पहिल्याच सरीला वाहून गेली, पण त्यावर कुणी अ‍ॅसिड मारायला निघालं नाही.

आता माझी जुनी जखम. अकरावीत सरांनी बरणीतून कारा ही शेवाळाची एक जात आणली होती. पेरं, पेराशी फांद्यांचं कडं, थेट रोपटंच. वास मात्र लसणीचा. झाडांचं सख्खं नातं हिच्याशीच, असं सर छातीठोक सांगत, आणि तेव्हा तसं मानणारे पुष्कळ होते. हल्ली जनुकं वाचून निघालं भलतंच. त्यातल्या त्यात जवळचं घराणं स्पायरोगायराचं, म्हणजे डबक्यातल्या त्या बुळबुळीत, बिनफांदीच्या धाग्याचं! २०१९मध्ये या घराण्यातल्या दोन शेवाळांचे जीनोम प्रसिद्ध झाले. कोरड सोसायला उपयोगी पडणारी काही जनुकं मातीतल्या जिवाणूंकडून उसनी आली असावीत, असं त्यातून दिसतं.

प्रॅक्टिकलला मी स्पायरोगायराच काढला होता. पेशीतली हिरवी फीत वेढे देत देत सुबक उतरली होती. सरांनी 'सोपी आकृती निवडली' असा शेरा मारून अर्धा गुण कापला. शेजारच्या बाकावर कारा काढणारीला पैकीच्या पैकी. फेरतपासणीची मुदत टळून गेली असेल, ठाऊक आहे मला. अर्ज तरीही करणार आहे.